अकरा महिन्यांचं वर्ष

मी निवृत्त झालो त्या वर्षी माझी वार्षिक पगारवाढ बंद झाली आणि घरमालकांची सुरू झाली. मधे एकही महिना वाया गेला नाही. जगात वाढीचा साठा ठरलेला असावा आणि एकाकडून काढल्याशिवाय ती दुसऱ्याला देता येत नसावी, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

पेन्शन आहे. तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, कारण ती येते. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली, म्हणून आम्ही ईपीएस-९५ वाले. ही कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. तिचं गणित सातवीतल्या पोरालाही जमेल असं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पगार कितीही असो, पेन्शनपात्र पगाराला आधी ६,५०० ची वेस होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० ची. सत्तरानेच का भागायचं, हे नोकरीत असताना कधी विचारलं नाही. आता वयानेच त्या आकड्याजवळ आल्यावर शंका येते, की इथवर किती जण पोचतील याचा कुणीतरी अंदाज बांधून ठेवला असावा. माझ्या वाट्याला २,९०० रुपये आले. त्याच २०१४ साली सरकारने किमान पेन्शन १,००० रुपये ठरवली. त्या हिशेबाने मी किमान माणसापेक्षा जवळजवळ तिप्पट श्रीमंत आहे. साडेसात हजार आणि वर महागाई भत्ता द्या म्हणून आमची मंडळी मोर्चे काढतात, मीही जातो. म्हातारे हळू चालतात, त्यामुळे रस्ता जास्त वेळ अडतो. आमच्या आंदोलनाची ताकद म्हणतात ती हीच.

कर्जं दोन. एक पतसंस्थेचं, मुलीच्या लग्नाचं. मुलीचा मुलगा आता शाळेत जातो आणि लग्न अजून फिटायचं आहे. दुसरं सोनेतारण, सौभाग्यवतीच्या गुडघ्याचं. गुडघा नवा आला, बांगड्या गेल्या. ती आता जिना झपझप चढते, फक्त बांगड्या वाजत नाहीत, म्हणून वर कोण आलं ते मला कळत नाही.

पतसंस्थेचा हप्ता ३,२०० रुपयांचा. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन आणि हप्ता समोरासमोर येतात तेव्हा पेन्शनची मान ३०० रुपयांनी खाली असते. बाकीचा संसार इतवारीतल्या एका ठोक किराणा दुकानाच्या हिशेबावर चालतो. मी तिथे रोज दुपारी जीएसटीची कागदपत्रं लावून देतो. शिवाय पुण्याचा मुलगा पाठवतो. पाठव असं मी म्हणत नाही, पाठवू नको असंही म्हणत नाही.

मुलाचा फोन महिन्याकाठी येतो. पतसंस्थेच्या वसुलीवाल्या पोराचा मात्र दर आठवड्याला. "काकाजी, तब्येत कशी आहे? बीपीची गोळी चालू आहे नं? उन्हात फिरू नका बरं." इतक्या आस्थेनं माझी चौकशी या वयात दुसरं कुणी करत नाही. मी धडधाकट राहावं असं मनापासून वाटणारा तो एकटाच माणूस आहे, आणि त्याच्याकडे तसं वाटण्याची ३,२०० कारणं आहेत. सरकार वर्षातून एकदाच विचारतं, जिवंत आहात का? तेही विचारतं ते मोबाइलमधून. कॅमेऱ्यासमोर बसून डोळे मिचकावले की हयातीचा दाखला मिळतो. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी सभ्य माणसाला मार बसला असता, तिच्यावर आता पेन्शन चालू राहते.

तर किराया. आम्ही नागपुरातल्या महाल भागात दोन खोल्या आणि एक गच्चीची चतकोर एवढ्यात राहतो, सात हजारांत. करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा, अकरा महिन्यांचा. बारा महिने सूर्याला लागतात, घरमालकाला अकरा पुरतात. त्यामुळे अकरा वर्षांत त्याच्या बारा वाढी होतात. मी जुना हिशेबनीस, राहवलं नाही, कागदावर मांडून पाहिलं. दर करारामागे १० टक्के धरले तर अकरा वर्षांनी सात हजारांचे जवळपास २२,००० होतात. तोवर माझी पेन्शन २,९०० च राहील. तिच्या स्थैर्याचं मला कौतुक वाटतं. शेजाऱ्यांच्या पोरांत असतं तर मी उदाहरण म्हणून सांगितलं असतं.

एके काळी नागपुरात किरायेदार म्हणजे जावई होता. नागपूर राजधानी होती, मध्यप्रांत आणि वऱ्हाड असा थाट होता, आणि १९४९ चा घरभाडे नियंत्रणाचा आदेश असा होता, की किरायेदाराला घर सोडण्याची नुसती नोटीस द्यायची म्हटलं तरी मालकाने आधी रेंट कंट्रोलरची परवानगी आणायची. मालक ती आणेस्तोवर किरायेदाराची पोरं लग्नाला यायची. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूंना वर्षाला ४ टक्के वाढ. मी ज्यांची कागदपत्रं लावतो ते शेठजी या जुन्या जातीचे. त्यांच्या दुकानाच्या भाड्यावर ४ टक्के म्हणजे दोन कप चहा, आणि तोही ते मालकालाच पाजतात. माझ्यासारख्या लायसन्सवाल्याला हे छत्र नाही. मुदत संपल्यावर हटून बसलो तर दुप्पट रक्कम भरायची, असं तोच कायदा सांगतो. लायसन्स हा शब्द मी आजवर बंदुकीसंबंधी ऐकला होता. आता बंदूक कुणाच्या हातात आहे तेही कळलं.

आमचे घरमालक एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. खाली ते राहतात, वर आम्ही. मी त्यांना कंडक्टरसाहेब म्हणतो, ते मला मुनीमजी. वर आले की आधी पंख्याकडे पाहतात, मग भिंतीच्या ओलीकडे, मग छताकडे, आणि या क्रमाने सगळं आपलंच आहे याची खात्री पटली की बसतात. या खेपेला करार संपायला आठवडा होता.

"मुनीमजी, या वेळी दहा टक्के करू म्हणतो."

मी गप्प राहिलो. गप्प राहण्याने किराया कमी होत नाही, पण वाढायला जरा वेळ लागतो.

"एसटीनं जानेवारीत काय केलं? १४.९५ टक्के! मी तर दहाच मागून राह्यलो. मी काही सावकार नाही बाप्पा."

हा मुद्दा त्यांनी जिना चढतानाच तयार केला असणार. खरं आहे, २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं तिकीट तेवढं वाढलं. पण कंडक्टरशी तिकिटावर वाद घालायचा तर सवलतीची माहिती पाहिजे, आणि ती मला तोंडपाठ होती.

"कंडक्टरसाहेब, एसटीचाच नियम लावायचा नं? मग मी पासष्टीच्या पुढचा, मला अर्धं तिकीट. हिला तर बाई म्हणून २०२३ पासून अर्धं. दोघांचं मिळून एकच होते. आणि पंच्याहत्तर झाले की फुकट. आणखी सात वर्षं थांबा, मी एक पैसा देणार नाही."

ते हसले नाहीत. तीस वर्षं ज्याने सुट्टे नाहीत म्हणणाऱ्यांकडून सुट्टे काढले, तो असा हसत नाही. त्यांनी खिशातून बँकेचा कागद काढला. मग कळलं की हा भाडेवाढीचा प्रस्ताव नसून दोन पेन्शनरांमधला सामना आहे, आणि जास्त गरीब ठरेल तो जिंकणार आहे.

त्यांचं म्हणणं असं. ज्या दोन खोल्यांत मी बसलो होतो त्या त्यांनी कर्ज काढून बांधल्या. व्याज बदलतं. मे २०२२ पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. बँकेनं हप्ता वाढवला नाही, मुदत वाढवली. "कर्ज फिटन तवा मी ब्याऐंशीचा असन. बँकेला माह्या आयुष्यावर माह्यापेक्षा जास्त भरवसा आहे." मी म्हटलं, २०२५ च्या फेब्रुवारीपासून तो दर उतरायला लागला आहे, पेपरात आलं. त्यावर ते म्हणाले, "उतरला असन. मुंबईहून निघाला, नागपूरला पोचाचा आहे. पॅसेंजरनं येऊन राह्यला." त्यांची पेन्शन माझ्याच योजनेतली, माझ्याहून २०० रुपयांनी कमी. हे ऐकून मी हादरलो. या एका आकड्यावर सामना त्यांच्याकडे झुकत होता. मी लगेच गुडघ्याचं बिल आणायला उठलो.

चहा आणता आणता हिनं हिशेब मिटवला. "म्हणजे आमचा किराया तुमच्या हप्त्यात जाते, भाऊजी?"

"हो नं वहिनी."

"आणि आमचा हप्ता वेगळाच. म्हणजे यांच्या जिवावर दोन घरची कर्जं फिटून राह्यली."

यावर आम्ही दोघंही अभिमानाने की संकोचाने, ते कळू न देता चहा प्यालो.

महालात राहिलं की भाडेवाढीचा इतिहासही पायाखालीच सापडतो. १८०३ च्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून कटक गेलं, वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड गेला. उत्पन्न आटलं, खर्च राजाचाच राहिला. मग उरलेल्या गावांवर सारा चढला, नवे कर बसले. आमच्या कंडक्टरसाहेबांनी वेगळं काय केलं? पुढे १८५४ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं आणि भोसल्यांच्या घराण्यालाही पेन्शनीवर यावं लागलं. ती सत्तराने भागली असती तर वाडा नक्कीच किरायाने निघाला असता.

घर बदलायचा विचार केला नाही असं नाही. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, सगळीकडे 'घर किरायाने देणे आहे' अशा पाट्या आहेत आणि त्याखाली बारीक अक्षरात कुणाला देणे नाही ते आहे. बेशाच्या एका मालकाने मेट्रो स्टेशन पाच मिनिटांवर असल्याचं सांगितलं. त्याच्याकडे बहुधा विमान असावं. त्याने पहिला प्रश्न वयाचा केला. अडुसष्ट म्हटल्यावर आवाज एकदम मऊ झाला. "राग मानू नका काकाजी, पण आम्ही फॅमिलीलाच देतो." मी म्हटलं, आम्ही फॅमिलीच आहोत, फक्त जुनी आहे. मुलांना घर द्यायचं नाही, कारण ती गोंगाट करतात. म्हाताऱ्यांना द्यायचं नाही, कारण ते एखाद्या दिवशी अजिबातच गोंगाट करत नाहीत. हा दुसरा भाग तो बोलला नाही, पण त्याच्या बायकोने हिच्या गुडघ्याकडे आणि मग जिन्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात तो होता.

शिवाय कूलर. नागपूरबाहेरच्यांना वाटतं घर बदलताना माणसं आणि भांडी हलवायची. इथे कूलर हलवायचा असतो. आमचा लोखंडी, माझ्या नोकरीच्या भरात घेतलेला, त्याच्या अंगात मोठ्या टेबलाएवढा ऐवज आहे. त्याचा घोडा वेगळा, पाण्याची नळी वेगळी, आणि मुख्य म्हणजे खिडकी. मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला आणि नवतपा लागला की घराला दार नसलं तरी चालतं, कूलरची खिडकी पाहिजे. मुलाच्या स्थळासाठी पत्रिका पाहाव्यात तशा आम्ही खिडक्या पाहिल्या, फूटपट्टी घेऊन. एकीचीही जुळली नाही. एका घराला खिडकी होती, पण ती शेजारच्याच्या स्वयंपाकघरात उघडत होती. कूलर लावला असता तर मेभर त्यांच्या फोडणीचा वारा लागला असता. हमाल, टेम्पो, नवं डिपॉझिट, नव्या कराराची नोंदणी असा खर्च मांडला, तर तो अख्ख्या वर्षाच्या वाढीपेक्षा जास्त निघाला. कंडक्टरसाहेबांनी हा हिशेब आधीच केलेला असणार. ते प्रवाशाकडे पाहून सांगू शकतात की हा पुढच्या थांब्यावर उतरणार नाही.

शेवटी तोड निघाली ती अशी. वाढ सातशेच्या जागी चारशे. नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा. करार लेखी आणि नोंदलेला असणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, हे मी त्यांना नीट समजावलं. त्यांनीही ते तितक्याच नीट ऐकलं आणि निम्म्यावर ठाम राहिले. बदल्यात मी त्यांच्या बँकेला अर्ज लिहून द्यायचा, की दर उतरला आहे तर आमचाही उतरवा. नोव्हेंबरात त्यांच्या हयातीच्या दाखल्याचंही मीच पाहायचं, कारण त्यांना डोळे मिचकावता येत नाहीत. एक मिटला की दुसराही मिटतो आणि मोबाइल त्यांना मृत समजतो. चारशेची सोय हिनं केली. दर रविवारी गोकुळपेठेतून येणारी पुडाच्या वडीची पिशवी बंद झाली. मी निषेध नोंदवला. तो पतसंस्थेत जमा होत नाही, असं उत्तर मिळालं.

त्यानंतर चारच दिवसांनी तान्हा पोळा आला. त्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, १८८१ पासून काळी आणि १८८५ पासून पिवळी. सोबत बडग्ये. ज्याचा म्हणून राग आहे त्याचा पुतळा करायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. आम्ही दोघं इतवारीत एका ओट्यावर उभे होतो. पिवळी मारबत समोर आली तशी गर्दी ओरडायला लागली, "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" कंडक्टरसाहेबांनी घसा साफ केला आणि एसटीतल्या आवाजात म्हणाले, "महागाई घेऊन जा गे मारबत!"

मलाही चेव आला. मी ओरडलो, "किराया घेऊन जा गे मारबत!"

त्यांनी माझा दंड धरला. "व्याज म्हणा मुनीमजी, व्याज. किराया राहू द्या."