सिंहासनाचं लगेज

जालना जिल्ह्यात नाटक करायचं असेल तर अभिनय थोडा कमी आला तरी भागतं, पण सुतळीची गाठ पक्की मारता आली पाहिजे. टेम्पोत, जीपच्या टपावर, एसटीच्या मागच्या बाकावर नेपथ्य बांधून नेणारा माणूस जागेवर पोहोचला, तर प्रयोग होतो. तो माणूस मी. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव 'रंगमंच व्यवस्था' या सदरात, 'आणि इतर'च्या किंचित आधी येतं.

दिवसा मी नव्या जालन्यातल्या एका बियाण्याच्या दुकानात पावत्या फाडतो. आमचं गावच बियाण्याचं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं महिको काढली आणि १९९८ साली त्यांना 'वर्ल्ड फूड प्राइझ' मिळालं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्यामुळे माझा नाट्यहंगाम पंचांग नाही, पेरा ठरवतो. जून महिन्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा मालकासमोर 'तालीम' हा शब्द काढला तर ते हिशेबाची वही काढतात. रब्बीचा पेरा उरकला, हरभरा वर आला, की मालक स्वतःच म्हणतात, "जाय बाबा, काय तोंडं रंगवायची ते रंगवून घे."

आणि डिसेंबरात सगळं एकदम कोसळतं. शाळांची गॅदरिंगं, सरकारी योजनांची पथनाट्यं आणि वर राज्य नाट्य स्पर्धा. पहिल्या दोघांतून पैसे येतात आणि ते तिसरीत जातात, असा आमचा अर्थसंकल्प आहे.

त्या आठवड्यात तिन्हींच्या वर एक सिंहासन होतं. परतूरकडच्या एका शाळेच्या राज्याभिषेकाला ते हवं होतं आणि आमच्या स्पर्धेच्या नाटकालाही. ड्रेपरीवाल्यानं आठवड्याच्या भाड्यानं दिलं. "सोमवारी न्या, रविवारी आणा. मधी मी लग्नाला चाललो, दुकान बंद." आता ठेवायचं कुठं? तालमीची खोली म्हणजे दिवसा चौथीचा वर्ग. माझ्या भाड्याच्या खोलीचं दार घरमालकानं कुठलाही राजवंश डोळ्यासमोर न ठेवता बसवलेलं. म्हणून ठरलं की जिथं आपण, तिथं सिंहासन.

प्लायचं होतं, वरून सोनेरी ऑइलपेंट. हातांच्या जागी दोन सिंह. डाव्याचा जबडा कुठल्याशा जुन्या प्रयोगात निखळलेला, त्यामुळे उजवा सिंह डरकाळी फोडायचा आणि डावा ती निमूटपणे ऐकून घ्यायचा. गांधी चमनवरून ते डोक्यावर घेऊन स्टँडकडे निघालो तर एकानंही मान वळवून पाहिलं नाही. जालन्याला राजा मिरवायची जुनी सवय आहे. धुळवडीला इथं हत्ती रिसाला निघतो, हत्तीवरचा राजा रेवड्या उधळत गावभर फिरतो. फक्त एका पानवाल्यानं विचारलं, "होळीला टाइम हाय ना आजून?"

आमच्या ग्रुपमध्ये माणसाला पात्राच्या नावानं हाक मारतात. सरपंच, सूनबाई, हवालदार आणि यम. रस्ता सुरक्षेचं पथनाट्य यमाशिवाय होत नाही. हेल्मेट न घातलेल्या पोराला न्यायला तो यावाच लागतो. आमचा यम हे काम इतकी वर्षं करतोय की त्याच्या आईनंही नाव सोडून दिलंय. ती माझ्या फोनवर मोठ्यानं विचारते, "यम आलाय का रे तिकडं?" आणि माझ्या शेजारी बसलेली वयस्कर माणसं सावरून बसतात.

सोमवारी राजूरला निघालो. एसटीत कंडक्टरताईंनी सिंहासनाकडे एकदा आणि आमच्याकडे एकदा पाहिलं.

"ह्ये काय?"

"सिंहासन."

"लगेज लागंल."

"ताई, नाटकाचं आहे."

"राजाचं का राणीचं?"

"राजाचं," यम भाबडेपणानं बोलला.

"मग पूर्ण लागंल. राणीचं आसतं तर आर्ध्यात बसवलं आसतं," असं म्हणून त्यांनी तिकीट फाडलं. बसमधल्या सगळ्या अर्ध्या तिकिटाच्या प्रवासी खूश झाल्या. पुढच्या थांब्यावर एक आजोबा चढले. पंचाहत्तरी ओलांडलेले, म्हणजे प्रवास फुकट. बसायला जागा नव्हती. त्यांनी सिंहासनावरची धूळ धोतराच्या सोग्यानं झटकली आणि राजूर येईपर्यंत दोन्ही सिंहांच्या डोक्यांवर हात ठेवून बसून राहिले. आम्ही पैसे भरून उभे होतो.

राजूरच्या गणपतीला अंगारकीला पाय ठेवायला जागा नसते. आमच्या वाट्याला साधा वार आला. पथनाट्याचा विषय होता 'पाणी वाचवा'. हवालदारानं डफ वाजवला, रिंगण झालं, सूनबाईनं कळकळीनं हाक दिली, "मायबहिणींनो, पाणी वाचवा!" रिंगणातून एक बाई तितक्याच कळकळीनं म्हणाल्या, "आधी द्या तर खरं, मग वाचवतो." या वाक्याला जी टाळी पडली तशी संहितेतल्या एकाही वाक्याला पडली नाही. दिग्दर्शक सरांनी तिथंच वहीत ते लिहून घेतलं आणि पुढच्या प्रयोगापासून सूनबाईला दिलं. मूळ लेखिकेला मानधन देण्याचा विषय निघाला नाही, कारण तो आमच्याकडे मूळ लेखकाच्या बाबतीतही निघत नाही. सिंहासन बाजूला ठेवलेलं, त्यावर बसायला पोरांची रांग लागली होती. एकजण बराच वेळ निरखून म्हणाला, "कोणत्या पार्टीचं चिन्ह हाय?"

दुसऱ्या दिवशी भोकरदन. हे जुनं भोगवर्धन. इथल्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिच्याशी साम्य असलेली मूर्ती थेट इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखालच्या पॉम्पेईत सापडली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या भागाचा रोमशी संबंध होता. हे सगळं मी जीपवाल्याला सांगत होतो, कारण तो सिंहासन भोकरदनहून जालन्यापर्यंत न्यायला तयार नव्हता.

खरी अडचण मात्र प्रवासात नव्हती, तालमीत होती. आमचा सरपंच, म्हणजे नाटकाचा नायक, बदनापूरकडचा शेतकरी. शेतीची थ्री-फेज लाइट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. त्या हप्त्याला रात्रीची होती. रात्रीची लाइट म्हणजे रात्री दहा वाजता मोटार सुरू करायची आणि बॅटरी घेऊन हरभऱ्यात दारं धरायची. थंडीत. साप-विंचवांच्या सोबतीनं. तालीमही रात्रीचीच. मग सरांनी तोडगा काढला की सरपंचानं फोनवरून संवाद म्हणायचे. चौथीच्या वर्गात सिंहासनावर फोन ठेवला, स्पीकर लावला, आणि सूनबाई त्या फोनचे पाय धरून रडू लागली. पलीकडून मोटारीची घरघर, कुत्र्यांचं भुंकणं आणि मधूनमधून सरपंच. प्रसंग सासऱ्याच्या पश्चात्तापाचा. सरपंच भरल्या गळ्यानं म्हणाला, "पोरी, या घराची लक्ष्मी तू... आरं फुटला फुटला, बांध फुटला!"

सर थक्क झाले. "लक्ष्मी म्हणल्यावर बांध फुटला! प्रतीक काय धरलंय यानं!"

यानंतर फोनवर नुसतं पाणी वाहत राहिलं.

विजेवर नाटक होतं, हे आम्हाला आमच्या जिल्ह्यानंच शिकवलंय. घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांनी 'आकडा' लिहिलं, ते तारेवर आकडा टाकून वीज घेणाऱ्या गावावरच. पुढे २०१२ साली त्यांचंच 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. मूळ कल्पना आणि संगीत संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि रंगमंचावर जालन्याकडची शेतकरी पोरं. मुंबई-पुण्याच्या रसिकांनी ते डोक्यावर घेतलं. तिकडच्या लोकांना या नटांच्या अभिनयाचं नवल वाटलं. मला नवल वाटतं ते एवढ्या सगळ्यांची लाइट एकाच आठवड्यात दिवसा कशी जमवली याचं.

म्हणून गुरुवारी घनसावंगीकडच्या शाळेचं गॅदरिंग मिळालं तेव्हा सर म्हणाले, वाटेत जांबला जाऊ, माती कपाळाला लावू. काळीपिवळी ठरवली, सिंहासन टपावर बांधलं. अंबड ओलांडल्यावर एका मोसंबीच्या बागेशी टायर पंक्चर झालं. स्टेपनी टपावरच होती, म्हणजे सिंहासनाखाली. ते उतरवून रस्त्याकडेला ठेवलं. ड्रायव्हर म्हणाला, "मला पाठीचा त्रास हाय," आणि सिंहासनावर बसून यमाला पाना कसा फिरवायचा ते सांगू लागला. रस्त्यानं जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं गाडी हळू करून ड्रायव्हरला नमस्कार केला आणि हेल्मेट नव्हतं तरी यमाकडे लक्षही दिलं नाही.

जांबसमर्थ हे रामदासस्वामींचं जन्मगाव, जन्म १६०८ चा. लग्नात भटजींनी 'सावधान' म्हणताच नारायण बोहल्यावरून पळाला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली. देवळातून बाहेर आल्यावर सर गंभीरपणे म्हणाले, "आपल्या जिल्ह्यातली पहिली गाजलेली एक्झिट. क्यू पडला आणि माणूस विंगेत. एक सेकंद वाया नाही." मग हवालदाराकडे वळून, "नाहीतर तू. मेल्यावर सुद्धा पाच मिनिटं स्टेजवर रेंगाळतोस."

गॅदरिंगचं काय सांगावं! भाषणं संपेपर्यंत अंधार पडला आणि पहिलं नृत्य सुरू होताच लाइट गेली. अशा वेळी शहरातला प्रेक्षक मोबाइलची बॅटरी लावतो. इथं एक पालक काही न बोलता उठले, घरी गेले आणि ट्रॅक्टर घेऊन आले. मैदानात तो स्टेजसमोर लावला, दोन्ही हेडलाइट सुरू. रेस वाढवली की उजेड वाढायचा. मला राहवलं नाही, मी त्यांच्या शेजारी उभा राहून खुणा करू लागलो. ध्रुपदाला रेस, कडव्याला कमी. दोन गाण्यांत त्या माणसाला प्रकाशयोजनेचं जे मर्म कळलं ते आमच्या ऑपरेटरला तीन स्पर्धांत कळलेलं नाही. धुराचं मशीन वेगळं आणावं लागलं नाही. कोळीनृत्यावर डिझेलचा असा दाट ढग उतरला की सर हळहळून म्हणाले, "स्पर्धेला असा इफेक्ट दोन हजारांत येत नाही."

शनिवारी परतूरकडे. वाटूर फाट्यावर चहा आणि भजी घेऊन शाळेत पोहोचलो तेव्हा मंडपात सत्कार सुरू होता. पाहुणे वाढलेले, खुर्च्या कमी पडलेल्या. कुणीतरी उत्साहानं टेम्पोतून आमचं सिंहासन उतरवलं आणि प्रमुख पाहुण्यांना दिलं. मी विंगेतून पाहिलं तर ते मधोमध बसलेले, गळ्यात हार, पाय आरामात पसरलेले. सत्कार संपला. पुढचा कार्यक्रम राज्याभिषेकाचा. मावळे तयार, आईसाहेब तयार, छत्रचामरवाले तयार, आणि सिंहासनावर पाहुणे. मुख्याध्यापक दोनदा जवळ गेले, दोनदा वाकले आणि दोन्ही वेळा चहाचं विचारून परत आले. एका शिक्षकांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणून शेजारी ठेवली. पाहुण्यांनी त्यावर शाल आणि नारळ ठेवला. निवेदिकेनं माइकवर तीन वेळा सांगितलं की आता सिंहासन रिकामं होऊन नव्या पर्वाला सुरुवात होईल. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकदा बसलेला माणूस उठवायचा कसा, यावर या राज्यातल्या मोठमोठ्या पक्षांना तोड सापडलेली नाही, तिथं आम्ही हौशी.

यमाचा रस्ता सुरक्षेचा प्रवेश शेवटी होता, पण तो नेहमीप्रमाणे लवकर रंगून बसला होता. काळा अंगरखा, शिंगांचा मुकुट, मिशा. मी फक्त म्हणालो, "जरा सांगून ये त्यांना." तो मागच्या बाजूनं गेला, पाहुण्यांच्या कानाशी वाकला आणि स्वभावानुसार अतिशय नम्रपणे बोलला, "साहेब, वेळ झाली."

पाहुण्यांनी मान वळवली. त्यानंतर ते उठले म्हणणं बरोबर नाही, ते थेट पहिल्या रांगेत दिसले. शाल आणि नारळ मागाहून नेऊन द्यावा लागला.

परत येताना रात्री परतूर स्टेशनवर पॅसेंजरची वाट पाहिली. निजामाच्या काळातला हा मनमाड-काचीगुडा मार्ग, तेव्हाचा मीटरगेज. फलाटावर सिंहासन मांडलं आणि आळीपाळीनं सगळ्यांनी त्यावर डुलकी काढली. आठवड्यात पहिल्यांदा आम्हाला ते बसायला मिळालं.

रविवारी ड्रेपरीवाला लग्नाहून आला. सिंहासनाभोवती एक फेरी मारून त्यानं विचारलं, "डाव्याचा जबडा?" आम्ही एकमुखानं सांगितलं की आधीपासूनच नव्हता. त्यालाही ते ठाऊक असावं. तो प्रत्येक ग्रुपला विचारत असणार. रंगीत तालमीपर्यंत आणखी एक रात्र ठेवा म्हणाला आणि भाडं वाढवून गेला.

तालमीला सरपंच प्रत्यक्ष हजर होता. लाइटीचा हप्ता फिरणार होता, उद्यापासून दिवसाची. सरांना काय आनंद झाला! तेवढ्यात स्पर्धेच्या प्रयोगाची तारीख आली. छत्रपती संभाजीनगर केंद्र, संध्याकाळी सात. सरपंचानं बोटं मोजली आणि त्याचा चेहरा उतरला. तारीख पडली होती त्याच्या पुढच्या हप्त्यात, म्हणजे पुन्हा रात्रीच्या लाइटीत.

कुणी बोलेना. सरपंचानंच संहिता उघडली, पानं चाळली.

"सर, मी दुसऱ्या अंकात मरतो ना?"

"हो. शेवटच्या प्रवेशात."

"लेखकाला सांगा, पहिल्याच अंकात मारा. आठला मेलो तर दहाची लाइट गाठतो."

"आणि शेवटी पडद्यावर नमस्काराला?"

"मेलेल्या माणसाला कोण इचारतंय? यमाला सांगा, त्याला म्हणा गाडीवर बसवून बदनापूरला सोड."

"हेल्मेट घालशील ना?" यमानं विचारलं.