जीर्णोद्धारित कन्व्हर्टिबल आणि पन्नाशीचा दाखला

छप्पर मागे दुमडून उघडी करता येणारी अमेरिकन मोटार, म्हणजेच कन्व्हर्टिबल, जेव्हा ‘नटबोल्टापासून नव्याने उभारलेली, तरीही अस्सल’ म्हणून विक्रीस निघते, तेव्हा विक्रेत्याने 2021 सालची केंद्रीय अधिसूचना वाचलेली नसावी, असे मानणे सौजन्याचे ठरते. या अधिसूचनेनुसार ‘विंटेज’ वाहन म्हणजे प्रथम विक्रीनंतर नोंदणी होऊन 50 वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन होय; साहजिकच जाहिरातीत किंमत चढवणारे प्रत्येक वाक्य नोंदणीच्या टेबलावर अर्जदाराच्याच अंगाशी येऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून त्या बदल्यात ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, मात्र गाडी नित्य वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्याच्या एखाद्या हळद बागायतदाराने हौसेने असे धूड घेतलेच, तर ते प्रदर्शनाला नेता येईल, वसमतच्या बाजाराला नाही. शिवाय हिंगोलीचा ‘38’ हा वाहन-नोंदणीचा संकेतांकही त्या पाटीवर नसेल.

दुर्मीळतेचेही तसेच. 1976 ची कॅडिलॅक एल्डोराडो ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणून गाजली, गुंतवणूक म्हणून अनेकांनी ती झाकून ठेवली आणि 1984 च्या मॉडेलांत त्याच कंपनीने एल्डोराडो कन्व्हर्टिबल पुन्हा विक्रीस आणली, तेव्हा काही खरेदीदार थेट न्यायालयात गेले.