ऑइलचा दिवा विझवण्याची शास्त्रोक्त पद्धत

जुनी जीप बाळगणाऱ्याच्या आयुष्यात डॅशबोर्डवरचा लाल दिवा एकदा तरी लागतोच. त्यावर तेलाच्या झारीचे चित्र असते आणि झारीच्या तोंडाशी एक थेंब. इंजिनातले ऑइल ज्या दाबाने फिरायला हवे त्या दाबाने फिरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दिवा लागल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे, असे मॅन्युअल सांगते. मॅन्युअल लिहिणाऱ्याला मात्र अंधार पडायच्या आत घाट उतरून घर गाठायचे नसते. म्हणून अनुभवी मालकांच्या परंपरेत चालत आलेली पद्धत येथे क्रमवार देत आहोत. उद्दिष्ट एकच: दिवा विझला पाहिजे. ऑइलच्या दाबाचा विषय दुय्यम असून तो ओघाने येईल.

उदाहरणासाठी महिंद्रा एमएम ५४० घेऊ. १९७९ साली महिंद्राने फ्रान्सच्या पुजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, आणि २११२ सीसीचे हे इंजिन पुढे महिंद्राच्या जीपगाड्यांतून देशभर फिरले. आज अशी जीप ज्याच्या दारात आहे तो बहुधा तिचा चौथा-पाचवा मालक असतो. प्रत्येकाने आधीच्या मालकाकडून आरसी बुकासोबत एक वाक्य घेतलेले असते: “इंजिन एक नंबर आहे.” या वाक्यावरची श्रद्धा ढळू न देणे हा पुढच्या सर्व उपचारांचा पाया होय.

पायरी १ : दिव्याकडे बघू नये

इंजिनाच्या ब्लॉकवर एक छोटा ऑइल स्विच असतो. दाब नसताना त्याच्या आतला संपर्क जोडलेला असतो, म्हणून किल्ली फिरवताच दिवा लागतो. इंजिन चालू होऊन दाब वाढला की संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. हा संपर्क बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.५ बारच्या आसपास तुटतो. म्हणजे चालत्या गाडीत दिवा लागतो तेव्हा दाब कमी होऊ लागलेला नसतो, तो जवळजवळ संपलेला असतो. ही माहिती विनाकारण अस्वस्थ करणारी असल्याने ती वाचून विसरावी.

दिवा फक्त सिग्नलला थांबल्यावर मिणमिणत असेल तर ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवावा. फेऱ्या वाढतात, पंप जोरात फिरतो, दिवा जातो. पाय दुखू लागल्यास आयडलिंगचा स्क्रू अर्धा आटा पिळून घ्यावा. येथे उपचाराचा पहिला टप्पा यशस्वी झाला.

पायरी २ : सल्लामसलत

तरीही दिवा न गेल्यास रस्त्याच्या कडेला थांबून बॉनेट उघडावे. उघड्या बॉनेटभोवती पाच मिनिटांत पंचायत जमते. त्यांना आवाज ऐकवायचा असल्याने इंजिन चालूच ठेवावे. ट्रकवाला म्हणेल, “एअर धरली असणार.” दुसरा म्हणेल, “रेडिएटरचं झाकण बघा.” नारळपाणी विकणारे काका गाडीभोवती एक फेरी मारून सांगतील, “साहेब, लाइट गेली तरी गाडी जाते, पण गाडी गेली तर लाइटचं काय करणार?” यातले कोणतेही मत ऑइलबद्दल नसते, पण सर्वांनी मिळून गाडीची चिंता वाटून घेतल्याने मालकाला हलके वाटते. इतका वेळ कोरडी फिरणारी बेअरिंग या चर्चेत भाग घेत नाहीत.

पायरी ३ : पट्टी तपासणे

ऑइलची पट्टी गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून बघतात, असे काही लोक मानतात. आपण ती घाटाच्या उतारावर, लगेच, पँटला पुसून बघावी. यातून हवा तो निकाल निघू शकतो.

ऑइल कमी निघाल्यास डिकीत जे असेल ते ओतावे, आणि हात आखडता घेऊ नये. पट्टीवरच्या ‘मॅक्स’ रेषेच्या वर ऑइल गेले तर फिरणारा क्रँक त्यात बुडतो आणि ऑइल घुसळून फेस होतो. फेसाला दाब धरता येत नाही, त्यामुळे दिवा पुन्हा लागतो. अशा वेळी आणखी ऑइल ओतण्याची प्रथा आहे.

काही भाग्यवान गाड्यांत ऑइल आपोआप वाढते. मालक मित्रमंडळींत अभिमानाने सांगतो, “आपल्या गाडीला टॉप-अप लागतच नाही!” फीड पंपाचा पडदा फाटला किंवा नोझल गळू लागले की डिझेल इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि पट्टीवरची रेष वर चढते. पट्टीचा वास घेतल्यास हे कळते, म्हणून वास घेऊ नये. ओढ्यातून गाडी काढल्यानंतर ऑइल दुधी दिसत असेल तर त्यात पाणी आहे. ते रंगावरूनच कळत असल्याने पट्टी न बघणे हाच उपाय उरतो.

पायरी ४ : जाड ऑइल

आता खरा रामबाण. १५डब्ल्यू-४० चालत असेल तर २०डब्ल्यू-५० घालावे. तेवढ्याने भागले नाही तर दुकानदाराकडून ‘इंजिन नवीन करणारे’ घट्ट द्रव्य बाटलीभर आणावे. दिवा हमखास विझतो, आणि काही महिने विझलेला राहतोही.

यामागचे शास्त्र सोपे आहे. क्रँक बेअरिंगवर टेकून फिरत नाही, मधल्या ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ती फट मिलिमीटरच्या शतांशात मोजण्याइतकी असते. बेअरिंग झिजली की फट वाढते आणि पंपाने पाठवलेले ऑइल तिथूनच निसटून चेंबरमध्ये पडते. खालच्या मजल्यांवरचे नळ सताड उघडे असलेल्या सोसायटीत पंप कितीही चालवा, चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. या इंजिनातला चौथा मजला म्हणजे वरचा रॉकर. जाड ऑइल त्या फटीतून लवकर निसटत नाही, म्हणून दाब वाढलेला दिसतो. फट तेवढीच राहते. शिवाय थंडीच्या सकाळी हेच ऑइल वर पोहोचायला वेळ लावते आणि तोवर इंजिन टकटक करते. “जुन्या डिझेलचा आवाजच तसा असतो,” हे वाक्य पाठ असू द्यावे.

पायरी ५ : स्विच बदलणे

जाड ऑइलही पातळ पडू लागले की गॅरेजला जावे. मेकॅनिक बॉनेट न उघडता सांगेल, “साहेब, स्विच गेलाय. ह्या गाड्यांना असंच असतं.” नवा स्विच बसतो. पंचाईत अशी की कधीकधी खरोखरच स्विच गेलेला असतो, किंवा त्याची वायर सोलून बॉडीला टेकलेली असते. त्या एका वेळी दिवा कायमचा विझतो, आणि पुढे कोणत्याही गाडीत दिवा लागला की त्या प्रसंगाची साक्ष काढली जाते.

पायरी ६ : वायर काढणे

सर्व उपाय थकल्यास स्विचवरची वायर ओढून काढावी आणि टोकाला टेप गुंडाळावी. खर्च शून्य, निकाल शंभर टक्के. अनेक मालक येथे समाधान पावतात.

परिशिष्ट : शंकेखोरांसाठी

काही हट्टी माणसांचे दिवा विझून समाधान होत नाही, त्यांना दाब जाणून घ्यायचा असतो. अशांनी इंजिन बंद ठेवून गाडी टोचन लावून गॅरेजला न्यावी. तिथे स्विच काढून त्याच आट्यांवर साधा यांत्रिक प्रेशर गेज बसवावा. इंजिन गार असताना आणि पूर्ण तापल्यावर, आयडलिंगला आणि रेस करून, असे आकडे लिहून घ्यावेत. हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय हा गॅरेजातला जुना ठोकताळा आहे. पक्का आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलात असतो.

गेजवर दाब नीट असेल तर दोष स्विचचा किंवा वायरचा. गार असताना ठीक, तापल्यावर आयडलिंगला पडतो आणि रेस केल्यावर चढतो, असे असेल तर ऑइल पातळ झाले आहे किंवा बेअरिंग झिजली आहेत. सगळ्याच अवस्थांत कमी असेल तर फिल्टर, जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह आणि पंप बघावा. रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे स्प्रिंगने दाबलेला छोटा दट्ट्या. त्यात कचऱ्याचा एक कण अडकून तो उघडा राहिला, तर पंपाची सगळी मेहनत परत चेंबरमध्ये जाते.

चेंबर उतरवला की शोषनळीच्या जाळीवर आधीच्या मालकांचा कारभार दिसतो: काळा गाळ, आणि सढळ हाताने लावलेल्या गॅस्केट सोल्युशनचे सुकलेले तुकडे. मग एक कॅप सोडवून बेअरिंगचा शेल हातात घ्यावा. चांगला शेल एकसारखा करडा असतो. त्यावर लालसर पट्टा दिसला तर वरचा थर जाऊन खालचे तांबे उघडे पडले आहे. क्रँक गुळगुळीत असेल तर नवे शेल घालून भागते. ओरखडे असतील तर क्रँक ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ शेल घालावे लागतात. पायरी ६ वर समाधान पावलेल्यांचे शेलचे काम क्रँकवर जाते, क्रँकचे ‘फुल इंजिन’वर, आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर भंगारवाल्याकडे.

शंकासमाधान

*उभ्या चढावर दिवा लागतो, सपाटीवर जातो. चालेल का?* चढावर ऑइल चेंबरच्या एका टोकाला जमते आणि शोषनळीचे तोंड उघडे पडून पंप हवा ओढतो. पातळी पूर्ण ठेवूनही असे होत असेल तर चढ सोडावा. चढावर फोटो काढायला थांबलेले असल्यास फोटो आधी काढावा, अशी रीत आहे.

*दिव्याऐवजी काट्याचा गेज असेल तर?* काटा खाली पडल्यास काचेवर टिचकी मारावी. तरीही न उठल्यास पायरी २ पासून सुरुवात करावी.

*जुनी जीप विकत घ्यायची आहे. काय बघावे?* रंग, टायर आणि साउंड सिस्टिम मागाहून बघितली तरी चालेल. आधी इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवावी आणि डॅशबोर्डवरची झारी लाल होते का ते बघावे. लाल झाली तर पुढे बोलणी करावीत. झाली नाही, तर विक्रेत्याने हे मार्गदर्शन शेवटच्या पायरीपर्यंत अमलात आणलेले आहे, असे समजून नमस्कार करून निघावे.