नो-क्लेम अण्णा

बेळगुंदीत कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की पेढ्यांच्या आधी अण्णा हजर. गाडीकडे बघतही नाहीत. "पॉलिसी दाव," म्हणतात. चष्मा कपाळावरून नाकावर उतरतो आणि पाच मिनिटांत यजमानाची खात्री पटते की आपण लुटले गेलो.

अण्णांची स्वतःची मारुती एट हंड्रेड. तिच्या थर्ड पार्टीचा हप्ता तेव्हा 2094 रुपये. हा दर सरकारच ठरवतं, कुठल्याही कंपनीत जा, तोच. तरी अण्णा एजंटाला म्हणायचे, "वरचे चौऱ्याण्णव तरी सोड की!" खरी सूट ओन डॅमेजवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर; तोच नो-क्लेम बोनस. वर्षभर क्लेम नसला तर 20 टक्के, सलग पाच वर्षं नसला तर 50. अण्णांनी ती पन्नाशी गाठली आणि लोणच्याच्या बरणीसारखी जपली.

एकदा स्वस्त कोटेशनसाठी थेट कोल्हापूर गाठलं. हत्तरगी आणि कोगनोळी, दोन्ही टोल भरून एकशे दहा रुपये वाचवून आले. वर कट्ट्यावर व्याख्यान: "बेळगाव नि कोल्हापूर एकाच झोनमधी, बी! पुणं ए मधी, म्हणून तिकडं दर जास्त. 1967 ला सीमावादात महाजन आयोगाला जमलं नाही ते इन्शुरन्सवाल्यांनी करून ठेवलंय की रे!"

नवरात्राच्या तोंडावर रताळ्यांच्या ट्रॉलीनं मागचा बंपर उखडला. ट्रॅक्टरवालाच बिचारा म्हणाला, "अण्णा, क्लेम करा."

"क्लेम? आणि माझा बोनस रे?"

पोत्याच्या सुतळीनं बंपर बांधला. सात गाठी. पुढं वर्षभर काकूंचा पदर उतरताना तिसऱ्या गाठीत अडकायचा आणि त्या जे बोलायच्या ते कुठल्याच पॉलिसीत कव्हर होत नाही.

शेवटी गाडी विकली, पण बोनस ठेवला. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनीकडून तसं पत्र घेतलं. ते तीन वर्षं चालतं. रेशनकार्डाशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत. अण्णा मात्र बसनं बेळगावला.

परवा शोरूममध्ये दिसले. म्हटलं, "काय अण्णा, गाडी?"

"नको होती रे. पण पत्राची मुदत संपत आलीय. पाच-सहा हजार फुकट घालवू काय?"

समोरच्या कोटेशनवर सहा लाखांचा आकडा होता. अण्णा त्यात फ्लोअर मॅट फुकट मागत होते.