कटऑफ अण्णा

अण्णांकडे सल्ल्याला जाताना मुलगा नेला नाही तरी चालतं. गुणपत्रिका मात्र न्यावीच लागते. तीही झेरॉक्स, कारण अण्णा तिच्यावर लिहितात. गणिताच्या गुणांभोवती गोल, विज्ञानाखाली दुहेरी रेघ आणि मराठीवर एक सणसणीत फुली. मराठीत गुण कमी पडले, असा त्या फुलीचा अर्थ नसतो. मराठी संपली, इतकाच असतो.

"अकरावीला मराठीऐवजी आयटी घ्यायचं," अण्णा सांगतात. "परीक्षा कॉम्प्युटरवर, मार्क भरपूर आणि निबंध नाही."

निबंध नाही, हे ऐकून मुलाचा चेहरा उजळतो. आईचा थोडा पडतो, कारण घरात आजोबा असतात आणि ते रागावणार असतात. पण अण्णांनी आजोबांसाठीही उत्तर तयार ठेवलेलं असतं: "मराठी काय, घरी बोलतोच की!"

अण्णांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती वाचायची वेळ कुणावर येत नाही. निगडी प्राधिकरणात दोन सेक्टर पलीकडे जाऊन "कटऑफ अण्णा कुठे राहतात?" एवढं विचारलं तरी इस्त्रीवाला हात करून दाखवतो. दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीची शेवटची फेरी संपेपर्यंत हा माणूस लग्नाला जात नाही, बारशाला जात नाही आणि आजारीही पडत नाही. टीपॉयवर रेक्झिनची फाइल, चार रंगांचे हायलायटर आणि मागच्या पाच वर्षांचे कटऑफ, कॉलेजवार. शिवाय एक पट्टी. ती रेघा मारायला नसून चुकीचा पसंतिक्रम भरणाऱ्या बापाला दाखवायला असते. फीचं म्हणाल तर अण्णा एक रुपया घेत नाहीत. काकूंचा चहा मात्र घ्यावा लागतो, आणि तो घेईपर्यंत तुमच्या मुलाचं पुढच्या सहा वर्षांचं सगळं ठरलेलं असतं.

त्यांचं ज्ञान अफाट आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य करायला हवं. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, बीला पाच, सीला तीन, हे त्यांच्यामुळे आमच्या सोसायटीत चौथीतल्या पोरांनाही पाठ आहे. इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी फिजिक्स आणि मॅथ्स हवंच, पण केमिस्ट्रीच्या जागी तांत्रिक व्यवसाय विषयाचे गुण धरता येतात, ही खाच त्यांना ठाऊक आहे. सीईटीला गणिताचा एक प्रश्न दोन गुणांचा असतो आणि उणे गुण नसतात, जेईईला असतात. "म्हणून सीईटीला एकही गोळा कोरा ठेवायचा नाही," ते बजावतात, "आणि जेईईला हात आखडता." परीक्षा संगणकावर गेल्याला वर्षं झाली, पण अण्णांच्या बोलण्यात गोळे अजून पेन्सिलीनेच रंगवले जातात.

त्यांचा एकच सिद्धान्त आहे: दार बंद होता कामा नये. बायो सोडलं की डॉक्टरकीचं दार बंद. मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंगचं दार बंद. म्हणून सरसकट पीसीएमबी. अण्णांच्या उमेदीत याला 'एबी ग्रुप' म्हणत आणि त्यांच्या आवाजात अजूनही त्या शब्दाला राजघराण्याचा मान असतो. परिणाम असा, की आमच्या इमारतीतली निम्मी पोरं दोन वर्षं बेडूक आणि इंटिग्रेशन या दोन्हींपुढे सारख्याच भीतीने बसतात आणि सगळी दारं उघडी असल्यामुळे घरात येणारा वारा तेवढा खातात. ज्याला इंजेक्शनची सुई बघून घेरी येते, त्यालाही बायो. "असू दे," अण्णा म्हणतात, "मार्क कुठे सुईने काढायचेत?" अगदीच रडारड झाली तर बायोच्या जागी भूगोल. तोसुद्धा नकाशांच्या प्रेमाने नव्हे, स्कोअरिंग म्हणून.

हे असं का, याचा उलगडा मला एकदा त्यांच्या नोकरीच्या गोष्टी ऐकताना झाला. अण्णांची सगळी हयात भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. जाळीची खिडकी, तिच्याआड अण्णा. मागणीची चिठ्ठी आली की नग काढायचा, सही घ्यायची, बिन कार्डावर वजाबाकी करायची. ६२०५ नंबरचं बेअरिंग कुठल्या फळीवर, किती शिल्लक, पुढचा माल कधी, हे डोळे मिटून सांगायचे. ते बेअरिंग कुठल्या मशिनच्या पोटात जातं आणि तिथे जाऊन काय करतं, हे विचारण्याचं त्यांना कधी कारण पडलं नाही. अण्णांनी विषयही तसेच फळ्यांवर लावून ठेवलेत. केमिस्ट्रीचा भाव काय, शिल्लक जागा किती, कुठल्या कोट्यातून लवकर सुटते, सगळं तोंडपाठ. केमिस्ट्रीत असतं काय, हे खिडकीच्या पलीकडचं काम.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एकदा मुलाला घेऊनच आल्या. हा पोरगा सुट्टीभर कोपऱ्यावरच्या गॅरेजात पडलेला असायचा. त्याने स्वतःच कॉलेजांची माहिती चाळली होती आणि बायफोकलच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यवसाय विषयांच्या, यादीत त्याला एक विषय सापडला होता.

"स्कूटर अँड मोटरसायकल सर्व्हिसिंग," तो म्हणाला. "दोनशे मार्कांचा आहे, अण्णा. हा घेऊ?"

अण्णांनी चष्मा काढला. "तुला मेकॅनिक व्हायचंय?"

"नाही. मेकॅनिकल इंजिनिअर."

"मग स्कूटर उघडायची काय गरज?"

पोराला उत्तर सुचेना. आता शांतपणे विचार केला तर मलाही सुचत नाही. प्रश्नच इतका गोळीबंद होता. शेवटी त्याला सीएस मिळालं, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स. बायफोकलमध्ये त्याचा भाव सर्वांत चढा, तेव्हा अण्णांच्या लेखी तोच विषय सर्वांत चांगला. बायफोकल घेतलं की दुसरी भाषा सुटते आणि एक ऐच्छिक विषयही सुटतो. एका दगडात दोन पक्षी, असा अण्णांचा आनंद. त्या विषयात पुढे पोराला ८०८५ नावाचा मायक्रोप्रोसेसर भेटला. इंटेलने तो काढला १९७६ साली, म्हणजे तो अण्णांच्याही आधी नोकरीला लागलेला. पोरगा त्याच्यासाठी कागदावर प्रोग्रॅम लिहायचा आणि संध्याकाळी गॅरेजात जाऊन कार्ब्युरेटर साफ करायचा. दोन्हींपैकी अभ्यास कुठला, हे त्याच्या आईला व्यवस्थित माहीत होतं.

काकू कधीमधी आतून आवाज देतात. "अहो, त्या लेकराला काय आवडतं ते तरी विचारा!"

"आवड हा विषय अकरावीला नाही," अण्णा हायलायटरचं टोपण न लावता सांगतात.

सरकारने एकदा तो विषय आणून बघितला होता. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली जायची. तुमचा कल कृषीकडे, कला-मानव्याकडे, वाणिज्याकडे, ललित कलांकडे, आरोग्याकडे, तांत्रिक क्षेत्राकडे की गणवेशधारी सेवांकडे, हे निकालाबरोबर कागदावर छापून मिळायचं. तो काळ अण्णांना फार जड गेला. लोक गुणपत्रिकेबरोबर हाही कागद घेऊन यायचे आणि त्यावर कटऑफ नसायचा. एका मुलीच्या कागदावर आलं 'गणवेशधारी सेवा'. वडील घाबरले; मुलगी झुरळाला घाबरणारी. अण्णांनी कागद उलटसुलट करून पाहिला, मग फाइलखाली सरकवला. "गणवेश काय, ज्युनिअर कॉलेजलाही असतो," ते म्हणाले. "पीसीएमबी घाला."

याहून मोठा धक्का त्यांना २०२१च्या मार्चमध्ये बसला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चौदा विषयांची यादी काढली आणि त्यातले कुठलेही तीन बारावीला असले तरी इंजिनिअरिंगला पात्र, असं जाहीर केलं. त्या यादीत शेती होती, बिझनेस स्टडीज होतं, उद्योजकताही होती. गणिताशिवाय इंजिनिअर! अण्णा दोन दिवस खाली उतरले नाहीत. गणित कच्चं असलेल्यांच्या घरी पेढे वाटले गेले असतील. अण्णांच्या घरी सुतक होतं. मग गणित-फिजिक्सचं महत्त्व कायम असल्याचा खुलासा परिषदेने केला, राज्याच्या नियमातही ते दोन्ही जागच्या जागी राहिले, आणि अण्णा पुन्हा खाली बाकावर येऊन बसले. गणितावर त्यांचं प्रेम आहे असं मुळीच नाही. पण दाराला कडी नसेल, तर दार उघडून देणाऱ्याला कोण विचारतो?

अण्णांची चेष्टा करणं सोपं आहे आणि मी ती करतोच आहे. पण ही जात अशीच उगवलेली नाही. अण्णा बारावी झाले तेव्हा इंजिनिअरिंग म्हणजे पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद आणि अशीच बोटांवर मोजता येतील इतकी कॉलेजं. दोन-तीन गुणांनी जागा गेली की माणूस बीएस्सी करायचा आणि स्टोअरच्या खिडकीत बसायचा. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढे माळामाळावर इंजिनिअरिंग कॉलेजं उभी राहिली. ते साल अण्णा मुलाच्या जन्मसालासारखं उच्चारतात. स्वतःचं दार लागल्यावर काही वर्षांतच शेजारी शंभर दारं उघडलेली ज्याने पाहिली, तो आयुष्यभर कड्याकोयंडे मोजत बसला तर मला त्यात फार चूक दिसत नाही. शिवाय पंधरा वर्षांच्या पोराकडून, फॉर्मच्या भाग एक आणि भाग दोनमध्ये, ओटीपीची मुदत संपायच्या आत जन्माचा निर्णय भरून घेणारी व्यवस्था अण्णांनी उभी केलेली नाही. ते तिचे विनावेतन कारकून आहेत.

यंदा त्यांची स्वतःची नात दहावी झाली. तिने आठवीतच शाळेत टेक्निकल विषय घेतला होता, तेव्हा अण्णांनी 'पुढे डिप्लोमाला कोटा असतो' म्हणून मान डोलावली होती. पोरीला मात्र कोट्याऐवजी वर्कशॉपच आवडलं. कानशीने लोखंडाचा तुकडा घासायचा, गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. तिने काटकोनात आणलेला पहिला तुकडा अण्णांच्या टीपॉयवर आहे; कटऑफचे कागद उडू नयेत म्हणून.

निकाल चांगला लागला. अण्णांनी झेरॉक्स पुढ्यात घेतली, गोल काढला, फुली मारायला पेन उचललं, आणि नात म्हणाली, "मी आयटीआयला जाणार. फिटर."

काकू ओट्यापाशी थांबल्या. मी चहाचा कप हातात धरून गच्च बसलो. असले प्रसंग शेजाऱ्याने सोडायचे नसतात. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, बोलणार. पण ते आकडेमोड करत होते.

"आयटीआय दोन वर्षं," ते हळूच म्हणाले. "तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, दोन. तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तीन. एकूण सात. अकरावी-बारावीने गेलं तर सहा. एकच वर्ष जास्त..." त्यांचा आवाज चढत गेला. "पण अकरावी नाही, बारावी नाही, सीईटी नाही! डिप्लोमाचं पहिलं वर्ष नाही, डिग्रीचं पहिलं वर्ष नाही! अगं, केमिस्ट्रीचा एक पेपर नाही सबंध रस्त्यात!"

"अण्णा, मला डिग्रीचं अजून माहीत नाही," नात म्हणाली. "मला फिटरचं काम शिकायचंय."

"शीक की. दार उघडं आहे ना, झालं." अण्णा फाइल चाळायला लागले.

"तुमच्या कंपनीत खूप फिटर असतील ना? दिवसभर काय करायचे ते?"

अण्णांचा हात थबकला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "खिडकीशी यायचे," ते म्हणाले. "बारा इंची फ्लॅट फाइल मागायचे, सही करायचे आणि जायचे. सह्या फार वाईट असायच्या त्यांच्या."

त्यानंतरच्या रविवारी मी वर गेलो तर चौथ्या मजल्यावरचं जोडपं समोर बसलेलं. मुलाला मेडिकलला जायचंय, असं वहिनी सांगत होत्या. अण्णांनी झेरॉक्सवर नव्या हिरव्या हायलायटरने रेघ ओढली.

"जाऊ दे ना, मेडिकलला कोण नाही म्हणतंय?" ते म्हणाले. "पण वहिनी, फिटरचा कटऑफ वर चाललाय. एक फॉर्म तिकडेही टाकून ठेवा."