डॉ. मुख्याध्यापक: नवशिक्यांसाठी सूचना

प्रथम वय मोजा. अनुदानित माध्यमिक शाळेतला माणूस ५८व्या वर्षी निवृत्त होतो, आणि मुख्याध्यापकाची खुर्ची ज्येष्ठतेने येत असल्यामुळे ती बहुधा पन्नाशीच्या आसपासच येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षे मिळतात, पुनर्नोंदणी केली तर आणखी २. म्हणजे पन्नासाव्या वर्षी नाव घातलेत तर प्रबंध आणि पेन्शनचे कागद एकाच महिन्यात सादर करता येतील. झेरॉक्सवाला एकच ठेवा, घासाघीस करता येते. मुख्याध्यापिकांना याहून २ वर्षांची जास्त सवलत आहे. ती वापरायची तर निवृत्तीनंतर.

मग कारण ठरवून ठेवा, कारण ते तीन ठिकाणी विचारले जाईल. मुलाखतीत 'शालेय नेतृत्वाची गुणवत्ता' म्हणायचे. घरी 'निवृत्तीनंतर एखाद्या बी.एड. कॉलेजात बोलावतील' म्हणायचे. स्टाफरूममध्ये काही सांगू नका, मधल्या सुट्टीपर्यंत तिथे आपोआप कळते. पगार हे कारण मात्र धरू नका. पीएच.डी.च्या ज्या वेतनवाढींबद्दल तुम्ही ऐकले आहे त्या महाविद्यालयातल्या अध्यापकांच्या. आणि 'घरबसल्या डॉक्टरेट' अशी जाहिरात व्हॉट्सॅपवर आली तर ती वाचून पुसून टाका. अर्धवेळ पीएच.डी.ला नियमांत जागा आहे, दूरस्थ पीएच.डी.ला नाही. त्या जाहिरातीतून शाल मिळते, फेटा मिळतो, फोटो येतो. सेवापुस्तिकेत लिहायला काही मिळत नाही.

पेट, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यायला जाल तेव्हा एक गोष्ट सोसायची तयारी ठेवा. दहावीच्या बोर्डाचे केंद्र तुम्ही इतकी वर्षे चालवलेत, कॉपी करणाऱ्यांना लांबूनच ओळखलेत. इथे पंचविशीतला एक मुलगा तुम्हाला सांगेल, ''काका, मोबाइल बाहेर. घड्याळपण.'' घड्याळ काढून द्या. वाद घालू नका. निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे असतात आणि तेवढी शक्ती लागते.

आता ना हरकत प्रमाणपत्र. हा टप्पा पुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो, प्रत्यक्षात तो संपत नाही. अर्धवेळ संशोधकाच्या मालकाने, म्हणजे आपल्याकडे संस्थेच्या सचिवांनी, तीन गोष्टी लिहून द्यायच्या असतात. उमेदवाराला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे. त्याचे काम असे आहे की संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो. आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी त्याला मोकळे केले जाईल. पहिल्या मुद्द्यावर सचिव मान डोलावतात. तिसरा ते वाचत नाहीत. दुसऱ्यावर मात्र चष्मा वर सरकवून विचारतात, ''म्हणजे सर, तुमच्याकडे वेळ असतो तर.'' नाही म्हणालात तर सही मिळत नाही, हो म्हणालात तर मिळते. त्याच सहीच्या आधारावर संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, बालवाडीची नवी खोली आणि सचिवांच्या धाकट्या मेहुण्याच्या सेवेतला तुटक काळ, ही तीन कामे तुमच्याकडे येतात. मूळ प्रमाणपत्र विद्यापीठात जाते. त्याची एक प्रत सचिव स्वतःजवळ ठेवतात. सभेत काढून दाखवायला.

गाईड शोधताना आधी त्यांची जन्मतारीख पाहा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात, पण निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरलेल्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तुमच्या वयाची, तुमची दुखणी समजणारी माणसे त्यामुळे आपोआप गळतात. उरतो तो तरुण सहायक प्राध्यापक कदाचित तुमच्याच शाळेतून दहावी झालेला असतो. तेव्हा त्याचे पायथागोरस तुम्ही तपासले, आता तुमचे प्रकरण दुसरे तो तपासणार. दोघांनीही एकमेकांना 'सर' म्हणायचे. सुरुवातीला जड जाते. तो फोन उचलत नाही तेव्हा जास्त जड जाते.

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते. दिवाळीत करा.

विषय. तो तुम्ही निवडायचा नसतो, तो शोधगंगेवर आधीच असतो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात देशभरातले प्रबंध ठेवलेले आहेत. त्यातला एक उघडा आणि जिल्ह्याचे नाव बदला. '... जिल्ह्यातील माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा शिक्षकांच्या कार्यसमाधानाशी असलेला सहसंबंध: एक चिकित्सक अभ्यास.' शीर्षक एका श्वासात वाचता आले तर ते अपुरे आहे, विद्यापीठाची संशोधन समिती परत पाठवील. 'चिकित्सक' हा शब्द गाळू नका. चिकित्सा कुठे केली हे कुणी विचारत नाही, पण शब्द नसला तर विचारतात.

'नेतृत्व' म्हणजे काय, हे पहिल्या प्रकरणात सांगावे लागते. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९७८ साली 'लीडरशिप' हे जाडजूड पुस्तक लिहिले. देवाणघेवाणीने कामे काढून घेणारा नेता वेगळा, आणि अनुयायांना व स्वतःलाही वर उचलणारा नेता वेगळा, असे त्यात म्हटले आहे. बर्नार्ड बास यांनी १९८५च्या सुमारास त्याला मोजमापात बसवले. हे सगळे लिहा. त्याच सुमाराचा आपला १९७७चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा कायदा आणि त्याखालची १९८१ची नियमावली मात्र प्रबंधात आणू नका. अनुसूची 'फ'मधला तुमचा ज्येष्ठताक्रमांक हेच तुमच्या नेतृत्वाचे उगमस्थान आहे, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. संदर्भसूचीत ते बरे दिसत नाही. बर्न्ससाहेबांना सेवाज्येष्ठतेने येणारा नेता सुचलाच नव्हता. मुरलेला गणिताचा शिक्षक एके दिवशी घंटा, पोषण आहाराचा तांदूळ, शालार्थ, यूडायस, संचमान्यता आणि तुंबलेले शौचालय यांचा धनी होतो, तो बर्न्सच्या कुठल्या कप्प्यात बसवायचा, हा खरा प्रबंधाचा विषय आहे. पण तो मंजूर होणार नाही. त्याला चले कुठे आहेत?

संबंधित साहित्याचा आढावा घेताना एम. बी. बुच यांच्या १९७४च्या, बडोद्याहून निघालेल्या संशोधन सर्वेक्षणापासून सुरुवात करा. त्याने परीक्षकावर वजन पडते. पुढे एकेक संशोधन एकेका परिच्छेदात: अमुक यांनी (साल) तमुक जिल्ह्यात अभ्यास केला व त्यांना सकारात्मक सहसंबंध आढळला. ही वाक्ये सगळ्यांचीच सारखी असल्याने वाङ्मयचौर्याचे यंत्र बोंब मारते. २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते, त्यापुढे प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो आणि ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. म्हणून 'आढळला' ऐवजी आलटून पालटून 'दिसून आला', 'निदर्शनास आला', 'प्रत्ययास आला' लिहा. मराठी या कामासाठी फार समृद्ध आहे.

आणि आता प्रश्नावली. इथे घाई करू नका.

विधान क्रमांक १: 'मी शिक्षकांना निर्णयप्रक्रियेत सहभागी करून घेतो.' समोर पाच चौकोन, पूर्णतः सहमतपासून पूर्णतः असहमतपर्यंत. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली आणली. खाली सही-शिक्क्याची जागा असताना मराठी मुख्याध्यापकाचा हात 'असहमत'कडे वळतच नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. तो कागद उद्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर दिसणार नाही याची हमी कोण देणार? तेव्हा प्रश्नावलीच्या माथ्यावर 'माहिती गोपनीय राहील' असे ठळक छापा, आणि तळाशी 'शाळेचा शिक्का' असा मोठा चौकोन सोडा. शिक्का नसलेली प्रश्नावली परत आली तर गाईड ती खरी धरत नाहीत.

वाटप तालुक्याच्या मुख्याध्यापक सभेत करावे, चहाच्या आधी. चहानंतर माणसे राहत नाहीत. प्रत्येक जण तुमच्या पाठीवर थाप मारून कागद घडी करून खिशात घालील, शाळेत जाऊन तो टेबलावर ठेवील आणि म्हणेल, ''भाऊसाहेब, एवढं जरा पाहा.'' भाऊसाहेब, म्हणजे शाळेचे लिपिक, कुठलाही फॉर्म आला की एकच प्रश्न विचारतात: मागच्या वर्षी काय भरलं होतं? आवक-जावक रजिस्टर चाळतात, जुनी फाइल काढतात. 'मी सहकाऱ्यांपुढे प्रेरणादायी दृष्टी ठेवतो' याचे मागच्या वर्षीचे उत्तर कुठे सापडत नाही. मग ते शेजारच्या गावच्या शाळेला फोन लावतात.

''तो पीएच.डी.चा फॉर्म आला का तुमच्याकडं?''

''आला ना. सगळं पाच टाकलं.''

''सगळं? संशय नाही यायचा?''

''मग तुम्ही चार टाका.''

अशा रीतीने एका शाळेतून सगळे पाच येतात, दुसऱ्या शाळेतून सगळे चार, आणि जिथे भाऊसाहेब रजेवर होते तिथून, कागद शिपाईमामांनी भरल्यामुळे, सगळे तीन. हे पाहून घाबरू नका. ली क्रोनबाख यांनी १९५१ साली विश्वसनीयता मोजायचा जो अल्फा गुणांक रूढ केला, तो अशा उत्तरांवर फार प्रसन्न होतो. प्रत्येकाची सगळी उत्तरे एकमेकांशी जुळतात ना, तेवढेच तो पाहतो. ०.७०ला पास असते, तुमचा ०.९०च्या पुढे जाईल. गाईड अभिनंदन करतील. वास्तविक हा तालुक्यातल्या लिपिकांच्या परस्पर सहकार्याचा अभ्यास झाला, आणि तसा लिहिला असता तर आजवरच्या सगळ्या नेतृत्वप्रबंधांहून जास्त खरा झाला असता. लिहू नका. शीर्षक मंजूर झालेले आहे.

आकडे टाकून देणारा माणूस प्रत्येक विद्यापीठाच्या फाटकाबाहेर असतो. तो ०.०५ सार्थकता स्तरावर शून्य परिकल्पनेचा स्वीकार की त्याग, हे विचारून घेतो. उत्तर गाईडना विचारून द्या.

या सगळ्या काळात तुमची स्वतःची शाळा चालूच असते. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला निघतात आणि वर्गातली बाके रिकामी होतात. त्यातल्या एका मुलीला तुम्ही गावात ठेवून घ्यायला लावता, आजीच्या ओसरीवर तासभर बसून. फळ्याकडे तोंड करून पंधरा वर्षे काढलेल्या एका शिक्षकाला तुम्ही स्काउटचे पथक देता आणि त्याला पहिल्यांदाच मुलांची नावे पाठ होतात. सचिवांनी पाठवलेल्या माणसाला तुम्ही नेमणूक देत नाही आणि तरी सचिवांशी बोलणे टिकवता. हे कसे केलेत? नेतृत्वाबद्दल जिल्ह्यात कुणाला काही माहीत असेल तर ते इथे आहे. पण नमुना एक, चल मोजता येत नाही, संशोधक स्वतःच सामील. असे काही समितीपुढे नेलेत तर उत्तर येईल, ''हे कृतिसंशोधन झालं. ते बी.एड.ला असतं.'' कृतिसंशोधनावर १९५३ साली पुस्तक लिहिणारे स्टीफन कोरी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातले होते, हे सांगून उपयोग नाही. अमेरिकेत शाळा चालवणाऱ्यांसाठी एड.डी. ही वेगळी डॉक्टरेट आहे. हार्वर्डने ती १९२०च्या दशकातच द्यायला घेतली होती. तिथेही ती बराच काळ पीएच.डी.ची पातळ आमटी म्हणून हिणवली गेली. २००७ साली कार्नेगी प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने विद्यापीठे एकत्र आली आणि उमेदवाराच्या कामातलाच प्रश्न प्रबंधाला घ्यावा, या बाजूने झुकली. आपल्याकडच्या समितीला हे ऐकवायचे असेल तर जेवणानंतर ऐकवा, आणि जेवण चांगले ठेवा.

शेवटच्या प्रकरणात शिफारशी असतात. 'मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान चार तासिका अध्यापन करावे.' 'प्रशासकीय कामाचा भार कमी करण्यात यावा.' कुणी करावा ते लिहू नका, 'यावा' पुरेसे आहे. ही शिफारस तुम्ही रात्री अकरा वाजता शाळेच्या कार्यालयातच टाइप करत असाल, कारण उद्या पटसंख्या ऑनलाइन भरायची शेवटची तारीख आहे आणि सर्व्हर दिवसा उघडत नाही.

मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकते. तुमचा सगळा स्टाफ येईल. प्रेमाने येईल, शिवाय शाळा लवकर सुटेल. पेढे, शाली आणि परीक्षकांची गाडी यांची व्यवस्था पर्यवेक्षकांकडे द्या. उद्दिष्टे, व्याप्ती, मर्यादा, परिमर्यादा पाठ हव्यात. शेवटच्या दोहोंतला फरक विचारतात. मग बाहेरगावचे परीक्षक प्रबंध मिटतील आणि सहज विचारतील, ''हे विधान क्रमांक एक. तुमच्या शाळेत शिक्षकांना निर्णयात घेता का हो?'' मागच्या रांगेत ज्येष्ठ शिक्षिकाबाई खोकतील. वळून पाहू नका. म्हणा, ''वस्तुनिष्ठता राहावी म्हणून माझी शाळा नमुन्यातून वगळली होती, सर.''

हे उत्तर शब्दशः पाठ करा. यावर उपप्रश्न येत नाही.