कॉलमवाले अण्णा

कर्नाटकातल्या खटकचिंचोळीसारख्या होबळीच्या, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली मंडळाच्या गावात ऑनलाइनचं दुकान चालवणाऱ्यांच्या दोन जाती असतात. पहिल्या जातीचा माणूस सगळ्या फायली डेस्कटॉपवर ओतून ठेवतो. त्या गर्दीत मागचा वॉलपेपर दिसत नाही, पण तुमचं पासबुक तो अर्ध्या मिनिटात काढून देतो. दुसऱ्या जातीत अण्णा येतात. त्यांच्याकडं प्रत्येक कागदाला फोल्डर आहे, फोल्डराला फोल्डर आहे, त्यालाही आहे, आणि कागद सापडेपर्यंत गिऱ्हाइकाचे दोन चहा होतात.

अण्णा हे एका माणसाचं नाव समजू नका. भालकीत अण्णा आहेत, हुमनाबादेत आहेत, हद्द ओलांडून महाराष्ट्रात उदगीर-देगलूरकडं गेलात तर पैशाला पासरी आहेत. कुठं ते झेरॉक्सवाले असतात, कुठं शाळेचे क्लार्क, कुठं सोसायटीचे सेक्रेटरी. ओळखायची खूण एकच. डाव्या हाताची करंगळी कंट्रोलच्या बटणावर आणि उजव्या हाताचं बोट माऊसच्या चाकावर. चाक फिरलं की पडद्यावरच्या फायली फुगतात, आकसतात, यादी होतात, पुन्हा फुगतात. अण्णांचं त्या दिवशीचं काम सुरू झालेलं असतं.

विम्याची मुदत संपत आलेली असते. एक म्हातारा कागदांची पिशवी काखेत मारून आत येतो.

"अण्णा, तुरीचा विमा भरायचाय. पहाणीचा उतारा काढ, अन् त्ये पासबुक तुझ्याकडंच हाय बघ."

"बसा मामा."

अण्णा खिडकी उघडतात. गेल्या वर्षीचं पासबुक स्कॅन करून ठेवलेलं आहे यात शंका नाही. सगळ्या गावाची आधार कार्डं अण्णांच्या डी ड्राइव्हवर नांदतात आणि ते कुणालाही खटकत नाही. पण खिडकी उघडल्या उघडल्या अण्णांना दिसतं, की तारखेचा कॉलम नको तेवढा रुंद झालाय आणि नावाच्या कॉलमात मामांचं नाव निम्म्यात तुटलंय. असल्या खिडकीत पासबुक शोधणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. ते आधी कॉलम ओढतात. मग 'साइझ' उचलून 'टाइप'च्या पलीकडं टाकतात. मग वाटतं, उजवीकडं प्रिव्ह्यू हवा. ऑल्ट आणि पी. प्रिव्ह्यू आला की कॉलमांना जागा कमी पडते. मग अण्णा ठेवणीतली कळ काढतात: कंट्रोल दाबून उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरचं अधिक चिन्ह. सगळे कॉलम एका दमात आपापल्या मापाचे होतात. ही कळ पंचक्रोशीत आपल्याच एकट्याला ठाऊक आहे अशी अण्णांची खात्री आहे, त्यामुळं ती दाबण्याआधी समोरचा माणूस बघतोय का, याची ते खात्री करून घेतात.

मामा बघत असतात. त्यांना वाटतं, विमा भरणं चाललंय.

"सर्व्हर डाऊन हाय व्हय?"

"हां, उगं जरा."

सर्व्हरला या क्षणी खटकचिंचोळी नावाचं गाव आहे याचाही पत्ता नसतो. अण्णांनी अजून साइटच उघडलेली नाही.

गावातली माणसं आपलं वय दुष्काळावरून आणि रझाकारावरून सांगायची. अण्णा खिडक्यांवरून सांगतात. विंडोज ९५ मध्ये एक्सप्लोरर आला तेव्हा ते भालकीला शिकत होते. २००१ च्या एक्सपीत डावीकडं निळी पट्टी होती. तिच्याबद्दल बोलताना आवाज अजून ओला होतो. पुढं २०१२ ला विंडोज आठबरोबर खिडकीच्या डोक्यावर बटणांची मोठी रिबन बसली, ती अण्णांनी नावं ठेवत ठेवत तोंडपाठ केली. २०२१ ला विंडोज अकरानं ती काढून टाकली, तर यांना सुतक लागलं. वर्षभरानं एकाच खिडकीत टॅब आले तेव्हा कुठं दिलजमाई झाली.

हीच वर्षं गावानं वेगळ्या कारणानं लक्षात ठेवली. साधारण २००० च्या सुमाराला कर्नाटकानं 'भूमी' आणली, राज्यातल्या दोन कोटींच्या आसपास पहाण्या संगणकावर चढल्या आणि हातानं लिहिलेला उतारा बाद झाला. तलाठ्याच्या दप्तरासमोर उभं राहणारी रांग हळूहळू अण्णांच्या बाकड्यावर येऊन बसली. सत्ता आली की माणूस फर्निचर हलवायला लागतो, हे आपण मंत्र्यांच्या बंगल्यात बघतोच.

खरी पंचाईत लिपीची. अण्णांच्या फोल्डरांची नावं तीन लिपींत आहेत: सरकारी योजना कन्नडमध्ये, गावकी मराठीत, बँका इंग्रजीत. नावानं लावलं की संगणक आधी आकडे घेतो, मग इंग्रजी, मग देवनागरी, आणि कन्नड सगळ्यात खाली. एकदा पंचायतीतल्या कुणीतरी मान वाकडी करून विचारलंच, "कन्नड खाली का हो अण्णा?" सीमाप्रश्नावर महाजन आयोग १९६६ ला बसला, दुसऱ्या वर्षी अहवाल आला, आणि वाद अजून मिटायचाय. तो आता डी ड्राइव्हवर येणार, अशी लक्षणं दिसू लागली. अण्णांनी समजावून सांगितलं, की युनिकोडमध्ये देवनागरीची घरं आधी येतात, कन्नडची मागून, यात आपला हात नाही. पटलं नाही. शेवटी प्रत्येक नावाच्या आधी ०१, ०२ असे आकडे लावून कन्नड वर आणलं. मग एका मराठी मास्तरांची मान वाकडी झाली. तेव्हापासून अण्णा तारखेनं लावतात. ज्याचं काम ताजं, तो वर. दोन्ही राज्यांना हा तोडगा कुणी कळवला नाही, हे त्यांचं दुर्दैव.

तारखेनंही सुख दिलं नाही. आपल्याकडं आज्याच्या पेटीत निजामाच्या अमलातले उर्दू कागद निघतात आणि त्यावर सन असतो फसली. तेच कागद अण्णांनी स्कॅन केले आणि वर लिहिलेलं वर्ष जसंच्या तसं नाव म्हणून दिलं: १३५१. या जुन्या कागदांची यादी नावानंच लागायची, तिच्या तोंडाशी संगणकानं तो कागद नेऊन बसवला. त्याच्या हिशेबी हा जमिनीचा कागद बहामनी राज्य स्थापन होऊन चारच वर्षं झाली तेव्हाचा. अण्णांनी फसलीत ५९० मिळवून तो १९४१ वर आणला आणि खाली सरकवला. असे गठ्ठेच्या गठ्ठे त्यांनी सरकवलेत, तेही पदरच्या विजेवर. हे काम मी थट्टेवारी नेणार नाही. इथल्या माणसाचं गाव जागचं हललं नाही, पण निजामाचं हैदराबाद १९४८ ला गेलं, १९५६ ला गाव म्हैसूर राज्यात आलं, १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. दर वेळी कागदाची भाषा, शिक्का, माप सगळं वरून ठरून आलं. अण्णांना निदान कॉलमची रुंदी आपल्या मर्जीनं ठेवता येते.

थट्टा करायची ती फोल्डरांच्या खोलीची. राज्याच्या पोटात जिल्हा, जिल्ह्याच्या पोटात तालुका, मग होबळी, गाव, गल्ली, घराणं, भावकी, वर्ष, हंगाम, पीक. इतकं खाली उतरल्यावर एक दिवस संगणकानं हात टेकले: रस्त्याचं नाव फार लांब झालंय, इथं फाइल ठेवता येणार नाही. विंडोजमध्ये ही मर्यादा साधारणपणे २६० अक्षरांची असते. आपण तिथपर्यंत पोचलो, हे अण्णा अजून लोकांना अभिमानानं सांगतात.

इकडं मामांचं पासबुक सापडलंय. पहाणीही निघाली, कारण साइट उघडल्यावर सर्व्हर चालूच होता. आता प्रश्न, ठेवायचं कुठल्या नावानं. पहाणीवर मामांचं नाव कन्नडमध्ये, बापाचं नाव जोडून. आधारवर इंग्रजीत, आडनाव शेवटी. मराठी शाळेच्या दाखल्यावर आडनाव पहिलं आणि मामांचं नाव पाळण्यातलं.

"मामा, आडनाव आधी घालू का नाव?"

"तुला कसं सापडंल तसं घाल की रं."

अण्णांना हे उत्तर बेजबाबदार वाटतं. ते फाइल एकाच ठिकाणी ठेवतात, आणि उरलेल्या दोन नावांच्या फोल्डरांत तिचे शॉर्टकट करून टाकतात. शॉर्टकटचं चित्र बदलतात. त्याला हिरवा रंग देतात, कारण तूर. मग प्रिंट देतात.

मामा पिशवीतून पैसे काढून मोजतात.

"शॉर्टकटचे काही लावले नाहीत बरं का मामा."

मामा दाराबाहेर बघतात. ऊन कलतीला लागलेलं, शेवटची बस गेलेली.

"शारकट होता व्हय? मंग सकाळधरनं मला लांबच्या वाटंनं का न्हेलास?"